कुणाचा आवाज बसका, कुणाचा फाटका: गावातल्या पॉडकास्टच्या लेव्हलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आम्ही तिघं वऱ्हाडी गप्पांचा पॉडकास्ट करतो. पीकपाणी, जुन्या आठवणी, कधी भजन, कधी नुसतीच टवाळी. सामान फार नाही: दोन डायनॅमिक माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा एक छोटा ऑडिओ इंटरफेस, जुना लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग-संपादनाचं सॉफ्टवेअर. आजूबाजूच्या गावांतून, पार भंडारा-गोंदियाकडूनही, नवीन मंडळी हे काम सुरू करताहेत आणि त्यांचे बहुतेक प्रश्न लेव्हलचेच असतात. तेच ते फोनवर सांगून आमचाच घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

लेव्हल जमवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

ऐकणाऱ्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जाऊ द्यायचा नाही, एवढंच. आमच्याकडे कापूस वेचणारी बाई फोन कमरेला खोसून ऐकते, तिचे दोन्ही हात बोंडांत असतात. पाहुण्याचं पुटपुटणं ऐकू येईना म्हणून तिनं सकाळीच फोन पूर्ण वाढवून ठेवलेला असतो. तेवढ्यात आपल्यापैकी कुणी खो-खो हसलं की तिच्या कानठळ्या बसतात आणि पुढचा भाग ती लावत नाही.

यात तीन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकात एक कालवतात. पहिलं, रेकॉर्ड होताना आवाज किती आत येतोय. दुसरं, दोन माणसांच्या आवाजांत फरक किती आहे. तिसरं, तयार झालेली अख्खी फाइल इतरांच्या तुलनेत किती मोठ्यानं वाजते. पहिलं बिघडलं तर दुसरं-तिसरं कितीही करा, उपयोग नाही.

एकाचा आवाज भजनी मंडळाचा, दुसरा ओठांतल्या ओठांत बोलतो. गेन कुणाचं किती ठेवायचं?

गेन म्हणजे माइकचा आवाज आत घेताना वाढवायचं बटण. त्याला हात लावायच्या आधी खुर्ची सरकवा. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं पडतो. म्हणजे एक वीत अंतरावरून बोलणारा दोन वितींवर गेला की ६ डेसिबल गेले, आणि चार वितींवर गेला की आणखी ६. यातली गोम अशी की माइकच्या जवळ असताना चार बोटं मागे-पुढे झालं तरी मोठा फरक पडतो आणि लांब असताना हातभर सरकलं तरी तितका पडत नाही. म्हणूनच हळू बोलणाऱ्याचा माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर आणा आणि दणदणीत आवाजाच्या गड्याला एक वीत मागे बसवा. निम्मं काम तिथंच होतं. उरलेलं गेननं भरा.

गेन वाढवलं की फक्त माणूस वाढत नाही, त्याच्यामागचा पंखा, शेजारच्या गोठ्यातली म्हैस आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टरही तेवढाच वाढतो. माइक जवळ आणला की मात्र माणूस वाढतो आणि म्हैस होती तिथंच राहते.

जवळ आणण्याचा एक परिणाम लक्षात ठेवा. एका दिशेनं ऐकणाऱ्या माइकला फार बिलगून बोललं की खर्ज फुगतो, आवाज घागरीतून आल्यासारखा लागतो. आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ आले की फुंकर माइकवर आदळते. माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरका, गालाच्या बाजूला ठेवला की फुंकर निघून जाते.

दोन माइक असतील तर ते एकमेकांपासून किती दूर, हेही बघा. तोंड ते माइक जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांत हवं. नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये किंचित उशिरा शिरतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की पिंपात बोलल्यासारखं होतं.

पाहुणे वयस्कर असतात, बोलता बोलता मागे रेलतात. त्यांना सांगायचं कसं?

सांगायचंच नाही. पहिल्या वर्षी आम्ही मध्येच थांबवून म्हणायचो, "काकाजी, जरा माइकजवळ या ना." काकाजी म्हणायचे, "हाव ना बाप्पा, आता त्याच्यात घुसू का काय!" आणि मग पुढची दहा मिनिटं ते माइकशीच बोलायचे, आमच्याशी नाही. गप्पा संपल्या, मुलाखत सुरू झाली.

आता आम्ही लोखंडी खुर्ची देतो. टेकायला पाठ सरळ असली की माणूस रेलत नाही. बाजेवर बसवलंत तर मेलात, बाज करकरते आणि माणूस हळूहळू आडवा होतो. अगदीच ऐकत नसतील तर कॉलर माइक लावा. तो माणसासोबत हलतो, अंतर तेच राहतं. फक्त उपरण्याचं आणि टिकलीच्या पोतीचं घासणं सांभाळा.

रेकॉर्ड करताना मीटरचा काटा कुठं हवा?

डिजिटल मीटरला शून्य हे छत असतं, त्याच्यावर जागाच नाही. साधं बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास खेळू द्या, जोरातला शब्द उणे १० पर्यंत गेला तरी चालेल. हे बघून नवीन मुलं घाबरतात, "काटा अर्ध्यावरच आहे, वाढवू का?" नको. २४ बिटवर (आवाज किती बारकाईनं नोंदला जातो त्याचं हे माप) रेकॉर्ड करत असाल तर खाली भरपूर जागा असते, नंतर वाढवलं तरी आवाज खरखरत नाही. ही १६ बिटच्या जमान्यातली भीती आहे.

खरी अडचण चाचणीची. लग्नाच्या मांडवात भोंगेवाला जसं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" करतो, तसंच आपण पाहुण्याला करायला लावतो. पाहुणा लाजत, हळू आवाजात तीन आकडे म्हणतो. आपण त्यावर गेन लावतो आणि दहाव्या मिनिटाला तो रंगात आला की सगळं फाटतं. त्याऐवजी रेकॉर्डिंगच्या आधी सहज विचारा, "काकाजी, औंदा सोयाबीनले भाव काय भेटला?" माणसाचा खरा आवाज तिथल्या तिथं बाहेर येतो. त्या आवाजावर गेन लावा आणि वर आणखी थोडी जागा ठेवा.

आवाज फाटला. आता दुरुस्त होतो का?

थोडा फाटला असेल तर. ऑडॅसिटीत ‘क्लिप फिक्स’ आहे, एखाद-दुसऱ्या हास्याचं शेंडं कापलं गेलं असेल तर ते सांधून देतं. अख्खं वाक्य फाटलं असेल तर ते फाटलंच. आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. खरेदी केंद्रावर रात्र रात्र बैलगाड्यांच्या रांगेत काढलेल्या, त्याचं वर्णन करताना त्यांचा आवाज चढत गेला आणि मी मीटरकडे न बघता तोंड वासून ऐकत बसलो. चाळीस मिनिटं गेली. फाइल ठेवली आहे, पण लावून ऐकवत नाही.

हल्ली काही रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटवर रेकॉर्ड करतात, त्यात फाइलमध्ये आवाज छताला लागत नाही, नंतर खाली ओढता येतो. पैसे असतील तर घ्या. पण माइकच गुदमरला तर तेही काही करू शकत नाही.

मोबाइलवरच रेकॉर्ड करतो. चालेल ना?

चालेल. बहुतेक फोन स्वतःहून लेव्हल वर-खाली करतात, त्यामुळे कुणी थांबलं की मागची घरघर हळूहळू फुगत येते. ज्या रेकॉर्डर अॅपमध्ये ही आपोआपची सोय बंद करता येते ते वापरा. दोघं असाल तर दोघांनी आपापला फोन छातीजवळ ठेवून वेगवेगळं रेकॉर्ड करा, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि नंतर दोन्ही ट्रॅक त्या टाळीवर जुळवा. एका फोनमधल्या दोन माणसांपेक्षा हे कितीतरी बरं.

सगळं शून्यापर्यंत नॉर्मलाइझ केलं, तरी आमचा भाग बारीकच वाजतो. असं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा निवांत सांगतो.

खंजिरी डोळ्यांसमोर आणा. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्याकडे ती गावोगावी आहे. खंजिरीची थाप मीटरवर टक्कन उणे ३ ला जाते, पण क्षणभरच. कानाला ती शेजारी गाणाऱ्या बुवांपेक्षा मोठी वाटत नाही, कारण कान क्षणाचं टोक मोजत नाही, थोडा वेळ टिकलेलं वजन मोजतो. साधं नॉर्मलाइझ, म्हणजे अख्खी फाइल एकाच मापानं वर उचलणं, फक्त सर्वांत उंच टोक बघतं. तुमच्या तासाभराच्या भागात एकानं एकदा टेबलावर थाप मारली असेल, तर ती थाप शून्याला टेकली की उचलणं थांबतं आणि बाकी सगळं बोलणं खालीच राहतं.

म्हणून लाउडनेस नावाचं वेगळं माप आहे, त्याचं एकक एलयूएफएस. त्याची मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ साली ठरवली आणि युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये तिच्यावरून टीव्हीसाठी उणे २३ ही पातळी पक्की केली. या मापात खर्जाला कमी आणि कानाला टोचणाऱ्या वरच्या सुरांना जास्त वजन दिलं जातं, कारण कानही तसंच ऐकतो. शांतता त्यात धरली जात नाही. हे आपल्याला फार सोयीचं आहे. आमचे पाहुणे उत्तर द्यायच्या आधी सुपारी कातरतात, तो वेळ मोजला गेला असता तर आकडा उगाच खाली आला असता.

मग उणे १६ ठेवायचं की उणे १४?

ॲपल पॉडकास्ट उणे १६ च्या आसपास, एखादा डेसिबल इकडे-तिकडे, असं सुचवतं आणि टोक उणे १ च्या वर जाऊ नये म्हणतं. स्पॉटिफाय ऐकवताना साधारण उणे १४ ला आणतं. यूट्यूब फार मोठा आवाज खाली ओढतं, पण बारीक आवाज वर उचलत नाही.

आम्ही उणे १६ ठेवतो. उणे १४ ला नेण्यासाठी बोलणं जास्त दाबावं लागतं आणि मग काकाजींचा श्वासही त्यांच्या शब्दाएवढा ऐकू येतो. टोकाला उणे १ ची जागा मात्र सोडाच. एमपी३ करताना टोकं थोडी वर सरकतात, आणि शून्याला चिकटवलेली फाइल फोनवर चरचरते.

फाइल मोनो, म्हणजे एकाच चॅनलची, असेल तर एक गोंधळ होतो. एकच चॅनल मोजला जातो म्हणून मीटर ३ नं कमी दाखवतं. मोनोतलं उणे १९ आणि स्टिरिओतलं उणे १६ कानाला सारखंच. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला दुहेरी मोनो समजण्याची खूण असते, ती ठेवली की उणे १६ लिहून मोकळं व्हा.

कॉम्प्रेसर म्हणजे काय, आणि कितपत लावायचा?

मोठा आवाज दाबणारा हात. समजा उंबरठा उणे २० ला ठेवला आणि प्रमाण ३ ला १. एखादा शब्द उणे ८ ला आला, म्हणजे उंबरठ्याच्या १२ वर. कॉम्प्रेसर त्या १२ चे ४ करतो, शब्द उणे १६ वर बसतो. हळू बोललेल्याला हात लावत नाही. मग सगळंच थोडं वर उचललं की अंतर कमी झालेलं असतं.

बोलण्यासाठी ३ ला १, पकडायला (अटॅक) १०-१५ मिलिसेकंद, सोडायला (रिलीज) दीडशे-दोनशे. मोठ्या शब्दांवर ३ ते ६ डेसिबल दाबले गेले की थांबा. त्याहून जास्त लागत असेल तर कॉम्प्रेसरचा दोष नाही, तुम्ही आधीचं काम चुकवलंय. ते काम म्हणजे हातानं समतोल करणं: एन्व्हलप टूल घेऊन जिथं माणूस पुटपुटला तो तुकडा उचलायचा, जिथं हसला तो खाली घ्यायचा. एका तासाच्या भागाला मला दीड तास लागतो. कंटाळवाणं आहे, निंदण काढण्यासारखं. पण त्यानंतर कॉम्प्रेसरला फार काही उरत नाही आणि आवाज माणसाचाच राहतो.

आमचा क्रम असा: आधी नको ते कापणं, मग ८० हर्ट्झच्या खालचं घुमणं काढणं, मग हातानं समतोल, मग कॉम्प्रेसर. प्रत्येक माणसाचा ट्रॅक वेगळा. सगळे एकत्र केल्यावर शेवटी लाउडनेस आणि टोकांसाठी लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या रेषेच्या वर काहीच जाऊ न देणारा. घुमणं न काढता कॉम्प्रेसर लावला तर टेबलाच्या धक्क्यावरही तो दाबतो आणि शब्द उगाच बुडतो.

कूलर, टिनाचं छप्पर, पाऊस. खोलीचं काय करायचं?

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कूलर बंद करा म्हणणाऱ्याला विदर्भ माहीत नाही. आम्ही उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला बसतो. पाखरं येतात रेकॉर्डिंगमध्ये, येऊ द्या, त्यांनी कुणाचा शब्द मारला जात नाही. कूलरची घरघर मात्र बोलण्याच्याच पट्ट्यात असते. ती मागाहून काढायला गेलं की शब्दांची सालंही निघतात.

टिनाखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंग करू नका, बस. त्यावर उपाय नाही.

स्लॅबची, फरशीची रिकामी खोली सगळ्यांत वाईट. आवाज भिंतींवरून परत येतो आणि एकदा माइकमध्ये शिरलेला घुमारा कुठल्याच बटणानं निघत नाही. शेणानं सारवलेली मातीची खोली तिच्यापेक्षा चांगली. पण आमचा खरा स्टुडिओ दिवाळीनंतर उघडतो. भाव वाढेल या आशेवर कापूस घरात भरून ठेवलेला असतो, छातीएवढी रास. त्या खोलीत बोललं की आवाज जिथल्या तिथं विरतो, शहरातल्या स्टुडिओत फोम लावून करतात तेच. दोन गोष्टी सांभाळा: तिथं बिडी नाही आणि उघडी वायर नाही. शिवाय साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, पाहुणा तासभर खाजवत बसतो आणि तेही माइकमध्ये येतं. भाव आला की आमचा स्टुडिओ गाडीत भरून जिनिंगला जातो. मग गाद्या आणि रजया आहेतच, पाहुण्याच्या मागे दोरीवर टाका. पाठीमागेच, कारण माइक त्या दिशेला बघत असतो.

रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो.

विजेचा ५० हर्ट्झचा आवाज आहे, सोबत त्याची १००, १५० ची पिल्लं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तिथंच थांबतो. माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर ठेवू नका. आमच्याकडे भारनियमनात सगळ्यांत स्वच्छ रेकॉर्डिंग होतं, एवढंच त्याचं कौतुक.

बोलण्याखाली संगीत किती ठेवायचं?

बोलण्याच्या १८-२० डेसिबल खाली. तुम्हाला संपादन करताना ते कमी वाटेल, कारण तुम्हाला शब्द पाठ झालेले असतात. खंजिरी किंवा ढोलकी असेल तर अजून खाली, तिची थाप ‘ट’ आणि ‘क’ वर येऊन आदळते. सुरुवातीची धून बोलण्यापेक्षा मोठी नको. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका मित्रानं दंडार या तिकडच्या लोकनाट्याचं वादन सुरुवातीला लावलं होतं, इतकं जोरात की त्याच्या आईनं फोन उशीखाली दाबला.

फोनवरून घेतलेला पाहुणा वेगळाच वाजतो.

साधा कॉल आवाजाचा वरचा आणि खालचा भाग कापून टाकतो, तो परत येत नाही. लाउडनेस जुळवा आणि सोडून द्या. ऐकणाऱ्याला फोन आहे हे कळतं, तो माफ करतो. जमलं तर पाहुण्याला त्याच्या फोनच्या रेकॉर्डरवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगा आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हॉइस नोट नको.

एका बटणात सगळं स्वच्छ करणारं एआय आहे म्हणे. हे सगळं कशाला?

वापरून पाहिलंय. प्रमाण मराठीत ठीक चालतं. वऱ्हाडीत "आलता", "गेलता" म्हणताना शेवटचा स्वर जो हळू सुटतो, तो आमच्या काही भागांत गोंगाट समजून कापला गेला. ज्या बोलीसाठी पॉडकास्ट करायचा तिचीच शेपटी कापायची असेल तर कठीण आहे. अर्ध्या जोरावर वापरा आणि मूळ ट्रॅक जपून ठेवा.

शेवटी तपासायचं कशावर?

संपादन हेडफोनवर, निकाल फोनच्या उघड्या स्पीकरवर. आधी घरात, मग विहिरीवर मोटार चालू असताना, मग लालपरीत मागच्या सीटवर. आकाशवाणी नागपूर केंद्र १९४८ पासून इथल्या लोकांचा कान घडवतंय. आमच्या वडिलांना निवेदकाचा एकही शब्द चुकवायची सवय नाही, त्यामुळे मी प्रत्येक भाग आधी त्यांना ऐकवतो. ते "काय म्हणला थो?" असं जिथं विचारतात, तिथं खूण करतो.

फाइल केवढी होते? आमच्याकडे रेंज जेमतेम.

मोनो, ६४ केबीपीएस एमपी३ ठेवलं तर तासाला साधारण २९ एमबी. बोलण्याला पुरतं. भजन असेल तर ९६ ठेवा, ४३ एमबी होईल. अपलोड रात्री अकरानंतर, टाकीवर चढून.